शेजारच्या फ्लॅटचं काम महिनोन्महिने चालणार असेल तर: पहिल्या दिवसापासून काय करायचं

आमच्या वरच्या फ्लॅटचं काम सुरू झालं तेव्हा मालकांनी जिन्यात थांबून सांगितलं होतं, "वहिनी, दीड महिन्यात आटपतं बघा." ते काम सप्टेंबरात सुरू झालं आणि एप्रिलमध्ये संपलं. मुलगी दहावीला होती. सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले होते. माझं आठवड्यातले तीन दिवस घरून काम. पहिले दोन महिने मी चुकीच्या क्रमाने, चुकीच्या माणसांशी बोलत राहिले. त्यात शेजाऱ्यांशी बोलणं तुटलं आणि आवाज होता तेवढाच राहिला. नंतरचे महिने बरेच सुसह्य गेले, कारण तोवर एक गोष्ट नीट कळली होती: दुसऱ्याच्या घराचं काम आपण थांबवू शकत नाही, पण कुठलं काम कुठल्या वेळी होईल हे ठरवून घेऊ शकतो.

मी पुण्यात, कोथरूडला राहते. सोसायटीच्या पद्धती आणि कायद्याबद्दल जे लिहिलंय ते महाराष्ट्रातल्या कुठल्याही शहरात साधारण तसंच लागू पडेल.

१. पहिल्या दोन दिवसांत स्वतः वर जा

सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर काहीही लिहायच्या आधी जा. मी उलटं केलं होतं. पहिल्याच आठवड्यात ग्रुपवर रागाचा मेसेज टाकला, चार जणांनी त्याला अंगठे दाखवले, आणि मालकांना वाटलं की सगळ्या बिल्डिंगसमोर आपला अपमान झाला. त्यानंतर महिनाभर ते माझा फोन उचलत नव्हते.

भेटायला जाताना तक्रार घेऊन जाऊ नका, प्रश्न घेऊन जा:

- काय काय तोडणार आहात? फरशी, बाथरूम, स्वयंपाकघराचा ओटा, की भिंतीसुद्धा?
- तोडफोड किती दिवस चालेल? (एकूण काम किती दिवस, या प्रश्नाचं उत्तर नेहमी कमी सांगितलं जातं. तोडफोडीचं उत्तर बरंचसं खरं असतं.)
- कामावर रोज कोण हजर असतं? त्यांचा नंबर मिळेल का?

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. मालक बहुतेक वेळा तिथे राहत नसतात, आमचे तर दुसऱ्या शहरात होते. इंटिरियर डिझायनर आठवड्यातून एकदा येतो. आज दुपारी ब्रेकर (फरशी-काँक्रीट फोडायचं मशीन) चालणार की प्लंबिंग होणार, हे मुकादम ठरवतो. त्याचा नंबर मिळाला की निम्मं काम झालं.

मजुरांवर ओरडायला जाऊ नका. त्यांना आज जे सांगितलंय ते संध्याकाळपर्यंत उरकायचं असतं, आणि वेळ बदलणं त्यांच्या हातात नसतं.

२. कामाचे टप्पे समजून घ्या

हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं. बाहेरून सगळा आवाज सारखाच वाटतो, पण प्रत्येक टप्प्याचा आवाज वेगळा असतो आणि त्यावरचा उपायही वेगळा.

तोडफोड: जुन्या फरशा उखडणं, बाथरूमच्या टाइल्स काढणं, ओटा फोडणं. हा सगळ्यात वाईट काळ. दोन बीएचकेला साधारण आठ ते पंधरा दिवस. ब्रेकरचा धक्का थेट स्लॅबमध्ये जातो आणि स्लॅब, बीम, कॉलममधून सगळ्या बिल्डिंगभर पसरतो. म्हणूनच दोन मजले वरचं काम आपल्या डोक्यावरच चाललंय असं वाटतं. खिडक्या बंद करून याला काही फरक पडत नाही.

झिऱ्या मारणं: वायरिंग आणि पाइपसाठी भिंतीत खाचा पाडतात. ग्राइंडरचा कर्कश आवाज आणि मागून छन्नी-हातोडा. पाच-सहा दिवस.

वॉटरप्रूफिंग आणि कोबा (फरशीखालचा सिमेंटचा थर): यात आवाज कमी, पण खालच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी या टप्प्यावर बारीक लक्ष ठेवायचं. वॉटरप्रूफिंग झाल्यावर बाथरूममध्ये पाणी साठवून चोवीस ते अठ्ठेचाळीस तास ठेवतात. ते कधी करणार हे मुकादमाला विचारून ठेवा, आणि त्या दिवसांत आपल्या बाथरूमच्या छताकडे सकाळ-संध्याकाळ बघा. तेव्हाच ओल दिसली तर दुरुस्ती एका दिवसात होते. वर टाइल्स बसल्यावर दिसली तर पुन्हा तोडफोड.

टाइल कटिंग: हा आवाज हवेतून येतो, त्यामुळे इथे दारं-खिडक्या बंद केल्याचा खरंच उपयोग होतो. कटिंग बाल्कनीत किंवा जिन्यात चालू असेल तर आतल्या खोलीत, दार लावून, पाणी मारत करायला सांगा. पाणी मारल्याने धूळही बसते, आणि ती धूळ कापणाऱ्या मजुराच्या फुप्फुसालाही वाईटच.

सुतारकाम: सगळ्यात लांबणारा टप्पा. प्लायवूड कापणं, खिळे ठोकणं, ड्रिल. दीड महिना सांगतात, तीन महिने होतात. आमच्याकडे सुतार दिवाळीला गावी गेले ते छठ उरकून तीन आठवड्यांनी परतले. प्लाय वर्कशॉपमधून कापून आणता येतो का, हे जरूर विचारा. सगळा नाही, पण कपाटांच्या मोठ्या दारांचा बराचसा येतो.

फॉल्स सीलिंग, पुट्टी, रंग, पॉलिश: आवाज जवळपास संपतो, वास सुरू होतो. दमा असलेल्या माणसाच्या घरी पॉलिशचे दिवस आधी कळवायला सांगा.

एसीसाठी भिंतीला भोकं पाडणं, ग्रिल बसवणं, पडद्यांचे रॉड लावणं ही किरकोळ कामं शेवटी येतात आणि "संपलं वाटतं" म्हणेपर्यंत पुन्हा दोन दिवस ड्रिल चालतं. तेवढं मनात धरून ठेवा.

३. आपल्या घराचे फोटो आजच काढा

काम सुरू झालं असेल तरी काढा. प्रत्येक खोलीचं छत, भिंतींचे कोपरे, बीमखालच्या रेषा, बाथरूमचं छत, पंख्याचा हुक. आधीपासून असलेल्या चिरासुद्धा, प्रामाणिकपणे. फोटो सेक्रेटरींना ईमेल करून ठेवा, म्हणजे तारखेबद्दल वाद राहत नाही. याला अर्धा तास लागतो.

४. वेळ ठरवून घ्या, आणि बदल्यात काहीतरी द्या

"आवाज कमी करा" या मागणीला कुणी काही करू शकत नाही. "मंगळवारी अकरा ते एक ब्रेकर नको" ही मागणी मुकादमाला पाळता येते.

मी तिसऱ्या महिन्यात हे केलं. एका कागदावर आमच्या घरातल्या अडचणीच्या वेळा लिहिल्या: सासूबाईंचा फिजिओथेरपीनंतरचा आराम दुपारी दोन ते चार, माझ्या मीटिंग सोमवार-गुरुवार अकरा ते बारा. तो कागद घेऊन मुकादमाकडे गेले. म्हटलं, "दादा, एवढ्या वेळा सोडून तुम्हाला जे ठोकायचं ते ठोका, मी एक शब्द बोलणार नाही. या वेळात प्लंबिंग करा, माप घ्या, सामान चढवा." त्यांनी कागद वाचला आणि म्हणाले, "असं आधी सांगितलं असतं तर तेव्हाच केलं असतं." रोज सकाळी ते दोन शब्दांचा मेसेज पाठवू लागले: "आज ग्राइंडर", "आज शांत". त्या मेसेजने मला जितका आराम दिला तितका कुठल्याच उपायाने दिला नाही. आवाज कधी सुरू होईल याची सतत वाट बघत बसणं हे आवाजापेक्षा जास्त थकवतं.

मी काय दिलं? मजुरांना पिण्याचं पाणी, आणि माल चढवायचा असेल त्या दिवशी आमची गाडी पार्किंगमधून हलवून जागा.

दहावी-बारावी घरात असेल तर बोर्डाचं वेळापत्रक छापून त्यावर पेपरच्या तारखा लाल करा आणि मालक, डिझायनर, मुकादम तिघांना द्या. पूर्ण महिना काम बंद ठेवा म्हणू नका, ते कुणी करत नाही. पेपरच्या दिवशी आणि आदल्या दिवशी फक्त पुट्टी-रंगाचं काम ठेवा, असं म्हणा. आमच्याकडे दोन दिवस सोडले तर ते पाळलं गेलं. बाकी दिवस मुलीसाठी जवळच्या अभ्यासिकेत दोन महिन्यांची जागा घेतली. पुण्यात स्पर्धा परीक्षांच्या मुलांमुळे अभ्यासिका गल्लोगल्ली आहेत. आपण त्यांचा विचार फार उशिरा करतो.

५. सोसायटीकडे लेखी जा

तोंडी बोलणं झाल्यावर, ते मोडलं जात असो वा नसो, एक पत्र देऊन ठेवा. आदर्श उपविधींप्रमाणे (म्हणजे सोसायट्यांसाठीची नमुना नियमावली) फ्लॅटमध्ये फेरबदल करायला कमिटीची आधी लेखी परवानगी लागते, आणि इतर सभासदांना उपद्रव होईल असं काही करायचं नाही असाही नियम आहे. म्हणून कमिटीला तीन गोष्टी विचारा: परवानगी दिली आहे का, कुठल्या अटींवर, आणि किती तारखेपर्यंत.

बऱ्याच सोसायट्यांत कामाच्या वेळा ठरलेल्या असतात: सकाळी नऊ किंवा दहा ते संध्याकाळी सहा, दुपारी दोन तास शांतता, रविवारी आणि सणाला बंद. तुमच्याकडे असा ठराव नसेल तर पुढच्या सर्वसाधारण सभेत मांडा. दुपारची शांतता हा सरकारी कायदा आहे असा पुष्कळांचा समज असतो, आणि त्या जोरावर भांडण होतं. तो सोसायटीचा नियम आहे. ठराव असेल तर त्याला वजन आहे, नसेल तर ती फक्त विनंती ठरते.

नियम खरा पाळला जातो तो गेटवर. दहाच्या आधी मजुरांना आत सोडायचं नाही आणि सहाला बाहेर काढायचं, एवढी सूचना कमिटीने वॉचमनला दिली आणि त्याने रजिस्टर ठेवलं, की रोजचे वाद बंद होतात. आमच्या सेक्रेटरींनी दोन नोटिसा काढल्या, त्याने काही झालं नाही. गेटवर रजिस्टर आलं आणि आठवड्यात फरक पडला.

पत्र साधं ठेवा. मी असं लिहिलं होतं:

"मा. सचिव, वरच्या फ्लॅटमध्ये दि. … पासून नूतनीकरणाचं काम सुरू आहे. दि. …, … आणि … रोजी संध्याकाळी सहानंतर ब्रेकर चालला. घरी शस्त्रक्रिया झालेल्या ज्येष्ठ व्यक्ती आहेत. कृपया (१) परवानगीच्या अटींची प्रत द्यावी, (२) ठरलेल्या वेळा पाळण्याची लेखी सूचना द्यावी, (३) काम संपण्याची तारीख कळवावी."

दोन प्रती करा. एकीवर सही, तारीख आणि शिक्का घ्या. पोच नसलेलं पत्र पुढे कुठेच उपयोगी पडत नाही. कुणी पोच देत नसेल तर ईमेल करा आणि स्पीड पोस्टने पाठवा.

इथे दोन खाचखळगे आहेत. तुम्ही भाडेकरू असाल तर तुम्ही सभासद नसता, त्यामुळे पत्र तुमच्या घरमालकाच्या सहीने जाऊ द्या. आणि पुण्यात बऱ्याच इमारती सोसायटी नसून १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखालच्या असतात. तिथे नियम इमारतीच्या घोषणापत्रात (डीड ऑफ डिक्लरेशन) आणि त्याला जोडलेल्या उपविधींत असतात. तुमची इमारत कुठली हे आधी बघून घ्या.

६. भिंत, बीम, कॉलम: इथे थांबायचं नाही

आवाजाबद्दल सबुरी ठेवा, पण बीम, कॉलम किंवा स्लॅब फोडताना दिसले, सळई उघडी पडलेली दिसली, तर त्याच दिवशी फोटोसह कमिटीला लेखी कळवा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र मागा. ते मिळालं नाही तर महापालिकेच्या बांधकाम विभागाकडे जा. जुन्या, भिंतींवर भार असलेल्या इमारतीत तर कुठलीही भिंत साधी समजू नका.

७. कायदा कुठवर उपयोगी पडतो

ध्वनी प्रदूषण नियम २००० सालचे आहेत. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ ही मर्यादा. दिवस म्हणजे सकाळी सहा ते रात्री दहा, रात्र म्हणजे दहा ते सहा. रात्रीच्या वेळी निवासी भागात आवाज करणारी बांधकामाची यंत्रं चालवायला मनाई आहे. मर्यादेपेक्षा दहा डेसिबल किंवा जास्त आवाज असेल, किंवा रात्रीचे निर्बंध मोडले असतील, तर तक्रार करता येते.

यातून व्यवहारात काय निघतं? रात्री दहानंतर मशीन चालू असेल तर सरळ ११२ ला फोन करा. पण सकाळी सात वाजता ड्रिल सुरू झालं तर ती कायद्याच्या लेखी रात्र नसते. तिथे सोसायटीच्या वेळाच कामाला येतात. दिवसा पोलिसांना बोलावलं तर ते येऊन समज देतात आणि जातात, आणि दुसऱ्या दिवशी शेजारी आणखी दुरावलेले असतात.

मोबाइलवरच्या डेसिबल अॅपचा आकडा पुरावा म्हणून धरला जाईल असं समजू नका. फोनचा माइक त्यासाठी बनवलेला नसतो. आपल्या नोंदीसाठी ठीक आहे.

८. घरात काय करायचं

फोमचे इअरप्लग स्वस्त असतात आणि नीट घातले तर चांगलं काम करतात. बहुतेक लोक नुसते कानात खोचतात. बोटांत घट्ट वळून बारीक करा, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढा, आत सरकवा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवा. लहान मुलांना देऊ नका, तोंडात घालतात. सासूबाईंना प्लग टोचायचे, त्यांच्यासाठी कानांवर बसणारे इअरमफ आणले.

नॉइज कॅन्सलिंग हेडफोन ग्राइंडरच्या एकसुरी घरघरीला बरे, हातोड्याच्या ठोक्याला फारसे नाहीत. ब्रेकर झाकायला गाण्याचा आवाज वाढवत नेऊ नका, त्याने कानाला जास्त अपाय होतो.

ब्रेकरच्या दिवसांत ज्या खोलीवर काम चालू आहे तिच्यापासून सगळ्यात लांबची खोली वापरा. रोज मुकादमाला "आज कुठल्या खोलीत?" एवढं विचारलं की आजारी माणसाचं अंथरूण कुठे हलवायचं ते कळतं. तोडफोडीचे आठ-दहा दिवस तान्हं बाळ किंवा आजारी माणूस नातेवाइकांकडे हलवता आलं तर हलवा. मी सासूबाईंना नणंदेकडे पाठवायला संकोच केला आणि तो आठवडा त्यांनी झोपेविना काढला. त्याची खंत अजून आहे.

९. नोंद ठेवा, आणि ही कागदपत्रं एका फायलीत

- रोजची नोंद: तारीख, वेळ, कुठला आवाज, किती वेळ. एक ओळ पुरे.
- काम सुरू होण्याआधीचे फोटो
- सोसायटीला दिलेली पत्रं, पोचेसह
- परवानगीची प्रत आणि वेळांच्या ठरावाची प्रत
- मुकादम आणि मालकांशी झालेले मेसेज
- आजारपण असेल तर डॉक्टरांचं पत्र

कमिटी काहीच करत नसेल तर सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. सभासदांमधला वाद सहकार न्यायालयात नेता येतो. पण तिथे निकाल लागेपर्यंत रंग वाळून वास्तुशांतही झालेली असते. आवाजासाठी मी कुणाला तो रस्ता सुचवणार नाही. घराचं नुकसान झालं असेल आणि भरपाई नाकारली जात असेल, तर मात्र वकिलांना ही फाइल दाखवा.

१०. काम संपल्यावर

मालक राहायला यायच्या आधी त्यांना घरी बोलवा, जुने फोटो समोर ठेवा आणि दोघांनी मिळून छत-भिंती बघा. सोसायटीने अनामत रक्कम घेतली असेल तर ही पाहणी होईपर्यंत ती परत करू नये असं आधीच लेखी कळवा. जिन्यातला, टेरेसवरचा राडारोडा उचलला गेलाय का हेही तेव्हाच बघा.

फोटो मात्र लगेच पुसू नका, एक पावसाळा जाऊ द्या. एसीसाठी पाडलेली भोकं आणि नव्या खिडक्यांच्या कडा नीट बुजवलेल्या नसतील तर ते पावसातच कळतं. आमच्या बेडरूमच्या कोपऱ्यात जुलैत हाताएवढा ओलसर डाग आला. मी वर गेले, सप्टेंबरातला त्याच कोपऱ्याचा कोरडा फोटो दाखवला. मालकांनी तो बघितला, मुकादमाला तिथूनच फोन लावला, आणि चौथ्या दिवशी तेच दादा सिलंटची नळी घेऊन बाहेरच्या बाजूने खिडकीची कड भरत होते.